गच्चीवरचा झाडांचा पडदा : कामाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर

गच्चीत खुर्ची टाकून बसलं की समोरच्या बिल्डिंगच्या जिन्याची खिडकी बरोब्बर समोर येते आणि तिथून जो कोणी चढतो-उतरतो तो आपल्याकडे बघतोच, वाईट हेतू काही नसतो पण बघतो. बाबा सकाळी पेपर घेऊन गच्चीत बसायचे ते यामुळे बसेनासे झाले. पत्र्याचा आडोसा करायचा नाही हे आधीच ठरलंय, पत्रा वाऱ्यात रात्रभर वाजतो आणि एक दिवस उडून जातो. म्हणून झाडं. उंच, दाट, कुंड्यांमध्ये, कठड्याला लागून एका रांगेत. डोक्यात चित्र एकदम क्लिअर आहे.

गच्ची चौथ्या मजल्यावर, तीन बाजूंनी मोकळी. कठडा साडेतीन फूट उंच, भरीव. माझ्या खुर्चीपासून कठडा १५ फूट. नोंदी अशासाठी ठेवतेय की मागच्या वेळी गुलाबांचं नेमकं काय चुकलं ते मला आजतागायत आठवत नाही.

१९ नोव्हेंबर

वारा कुठून येतो हे मला माहीत आहे असं मला वाटत होतं. दादा म्हणाला वाटून काय उपयोग, मोजायचं यंत्र नाही तर निदान चिंध्या तरी बांध. मग जुन्या ओढणीच्या पट्ट्या फाडल्या, नऊ काठ्या पोकळ ब्लॉकमध्ये खोचून गच्चीभर उभ्या केल्या आणि प्रत्येक काठीला एक पट्टी खाली आणि एक डोक्याच्या उंचीला अशा दोन बांधल्या. आठवडाभर येता-जाता बघत होते. शेजारच्यांना वाटलं असणार हिचं काहीतरी बिनसलंय.

गंमत म्हणजे कठड्याला अगदी खेटून उभ्या केलेल्या काठीची खालची पट्टी उलटी, कठड्याकडेच फडफडत होती, आणि त्याच काठीची वरची पट्टी सरळ आतल्या बाजूला ताठ. म्हणजे वारा भरीव कठड्याला थडकतो, वर चढतो, कठड्याच्या डोक्यावरून जास्त जोरात सुटतो आणि खाली मागच्या बाजूला भोवरा तयार करतो. कोपऱ्यातली पट्टी तिसऱ्या दिवशी गायब. कठड्यापासून सात-आठ फूट आतल्या काठ्यांवर मात्र पट्ट्या बऱ्याच शहाण्यासारख्या वागत होत्या.

वेगासाठी ब्यूफोर्ट स्केल वापरतेय, १८०५ मध्ये ब्रिटिश नौदलातल्या ब्यूफोर्टने बनवलेली, आजही चालते आणि फुकट आहे. पानांनी भरलेली लहान झाडं डोलायला लागली की ताशी २९ ते ३८ किमी, मोठ्या फांद्या हलायला लागल्या आणि छत्री धरवेना की ३९ ते ४९, अख्खं झाड हलतंय आणि वाऱ्यासमोर चालायला जोर लावावा लागतोय की ५० ते ६१. खाली रस्त्यावर एक मोठं झाड आहे, ते माझं मीटर. अडचण एकच, ते झाड बिल्डिंगांच्या मध्ये दबलेलं आहे, वर चौथ्या मजल्यावर वारा त्याच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे जे दिसेल त्यात एक पायरी वाढवून धरते.

३ डिसेंबर

वजनाचं प्रकरण. दादाचा मित्र स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, त्याला बोलावलं. त्याने पहिला प्रश्न विचारला तो झाडांबद्दल नव्हताच, म्हणाला कुंडी ओली असताना किती किलोची? मला सांगता येईना. मग त्यानेच सांगितलं की साधी बागेतली माती भिजली की लिटरमागे दीड किलोच्या वर जाते, म्हणजे ६० लिटरची एक कुंडी शंभर किलो, आणि तुम्ही म्हणताय अशा आठ-दहा ठेवणार. वर पाणी, वर झाड, वर ते झाड बघायला उभी राहिलेली माणसं.

त्याने खालच्या मजल्यावर जाऊन भिंती आणि बीम कुठून जातात ते बघितलं आणि मला गच्चीवर खडूने दोन रेषा मारून दिल्या. जड काहीही ठेवायचं ते या रेषांवर, स्लॅबच्या मधोमध काही नाही. एक रेष कठड्याला लागून, दुसरी कठड्यापासून सात फूट आत, खाली तिथे भिंत आहे. दुसरी रेष माझ्या काय कामाची, असं तेव्हा वाटलं.

मिश्रण ठरलं : कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत, थोडी माती, थोडी जाडसर वाळू. भिजवून बादलीत मोजलं तर लिटरला साधारण एक किलो.

१७ डिसेंबर

झाडं आणली. अरेका पाम चार, सात फुटी. मोरपंखी तीन, साडेपाच फुटी. आणि बांबूची तीन रोपं, जेमतेम तीन फूट, ती नर्सरीवाल्या काकांनी जवळजवळ गळ्यातच मारली. "ताई, पाम नेताय तर न्या, पण गच्चीवर बांबूच टिकेल बघा." मी ऐकल्यासारखं केलं. मला आडोसा आज हवा होता आणि सात फुटी पाम बघितल्यावर तीन फुटी काडीकडे कोण बघतं.

बांबूच्या नावात एक गोंधळ आहे तो लिहून ठेवते. "गोल्डन बांबू" म्हणून जे विकतात ते दोन अगदी वेगळे बांबू असू शकतात. एक फिलोस्टॅकिस ऑरिया, तो पळणारा, जमिनीखालून आडवे कंद पाठवत सुटतो आणि कुंडीत गोल गोल फिरून कुंडीच फाडतो. दुसरा पिवळ्या खोडावर हिरव्या रेघांचा बांबुसा व्हल्गॅरिस, तो बेटात राहतो पण इतका अवाढव्य होतो की कुंडीत ठेवणं म्हणजे हत्तीला मोरीत बांधणं. काकांनी दिला तो बांबुसा मल्टिप्लेक्स, ज्याला हेज बांबू म्हणतात, बारीक काड्यांचा, बारीक पानांचा, बेट करून एका जागी राहणारा.

सगळ्या कुंड्या कठड्याला लागून पहिल्या रेषेवर. संध्याकाळी बाबा येऊन बसले, म्हणाले छान, लग्नाच्या हॉलसारखं दिसतंय. हे कौतुक होतं का ते कळलं नाही.

१४ जानेवारी

पामची अवस्था बघवत नाही. पानांची टोकं तपकिरी, कडा करपलेल्या आणि वाऱ्याकडच्या बाजूची पानं केसांच्या कंगव्यासारखी फाटलीयत. मला वाटलं पाणी कमी पडतंय, वाढवलं. मग वाटलं जास्त होतंय, कमी केलं. माती हाताला ओलसर आणि तरी पान करपतंय, हे गणित सुटेना.

कारण वाऱ्यातच होतं. पानाभोवती दमट हवेचा एक पातळ थर असतो, तो थर असेपर्यंत पानातून पाणी हळू उडतं. वारा तो थर सतत पुसून नेतो, मग पान मुळांनी पुरवलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी गमावतं आणि पहिला फटका टोकांना आणि कडांना बसतो, कारण पाण्याच्या नळाचं ते शेवटचं घर. त्यात सात फुटी पाम आणि त्याच्या मुळांचा गोळा फूटभर. एवढ्या पानांना एवढीशी मुळं कुठून पुरणार. उंच झाड विकत आणताना आपण फक्त वरचा भाग बघतो.

मोरपंखी बाहेरून हिरवीगार आहे. बांबू काही बोलत नाही, काही वाढतही नाही.

९ फेब्रुवारी

रात्री अडीचला धाड असा आवाज. दोन पाम आडवे, एक मोरपंखी तिरकी होऊन कठड्यावर रेललेली. एक कुंडी फुटून माती गच्चीभर. आतल्या बाजूला पडले म्हणून ठीक, हे बाहेर गेलं असतं तर मी आज नोंदी लिहीत बसले नसते. काठी-सुतळी काय हाताला लागेल त्याने बाकीचे बांधले आणि सकाळपर्यंत जागीच होते, प्रत्येक झोताला कान टवकारून.

आजचा एकच निर्णय : कठड्यापाशी उंच काहीही राहणार नाही. हौस गेली चुलीत.

११ फेब्रुवारी

झोप झाल्यावर दादाला घेऊन बसले, म्हटलं हे पडलं का ते मला आकड्यात सांग. त्याने कागदावर मांडलं ते जसंच्या तसं :

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गावर चालतो. वेग दुप्पट झाला की ढकलणं चौपट. ताशी ५४ किमी म्हणजे सेकंदाला १५ मीटर, त्याला चौरस मीटरमागे साधारण १४ किलोचा रेटा बसतो. पामचा पसारा धरा एक चौरस मीटर. तो रेटा लागतो जमिनीपासून साधारण १.४ मीटरवर. १४ गुणिले १.४, जवळजवळ २०, हा उलटवणारा जोर. उलट बाजूला कुंडी, वजन ४५ किलो, तळ ३० सेंटीमीटर रुंद, उलटायला धरायचं त्याच्या निम्मं, म्हणजे ०.१५ मीटर. ४५ गुणिले ०.१५, पावणेसात, हा धरून ठेवणारा जोर.

२० विरुद्ध पावणेसात. पडणारच होतं. आणि ताशी २७ किमीला तोच उलटवणारा जोर पाच येतो, म्हणून दोन महिने सगळं कसं छान उभं होतं आणि मला वाटत होतं आपल्याला जमलंय.

वर माझी स्वतःची भर म्हणजे त्या आठवड्यात मी पाणी कमी केलेलं. कोकोपीटच्या मिश्रणाचं बरंचसं वजन पाण्याचंच असतं, कोरडी कुंडी ४५ ची ३० किलो होते. जोराचा वारा येणार असं कळलं की आदल्या संध्याकाळी सगळ्या कुंड्या तुडुंब भिजवायच्या, हे भिंतीवर लिहून चिकटवलं.

१२ फेब्रुवारी

आज खरी अक्कल आली आणि तीसुद्धा भाच्यामुळे. तो गच्चीत सुतळी घेऊन खेळत होता, एक टोक माझ्या खुर्चीच्या पाठीला बांधलेलं आणि दुसरं कठड्यावरच्या खिळ्याला. सुतळी तिरकी वर जात होती आणि मी बघत बसले होते आणि एकदम लक्षात आलं की माझी नजर पण अशीच तिरकी जाते.

बसल्यावर माझे डोळे चार फुटांवर. समोरची खिडकी इथून ४० फूट लांब आणि माझ्या डोळ्यांपेक्षा १० फूट वर. म्हणजे दर चार फुटांना नजर एक फूट चढते. झाडं कठड्याला, १५ फुटांवर ठेवली तर ती पावणेआठ फूट उंच लागतात. तीच झाडं खुर्चीपासून आठ फुटांवर आणली तर फक्त सहा फूट. कुंडीच्या उंचीसकट सहा फूट!

आणि आठ फूट म्हणजे कुठे, तर इंजिनियरने मारलेल्या दुसऱ्या रेषेवर. ती बिनकामाची रेष.

गच्चीचे दोन भाग होतील, पलीकडचा सात फुटांचा पट्टा वाया जाईल असं बाबा म्हणाले. जाऊ दे. तिथे कपडे वाळतील.

२५ फेब्रुवारी

नवीन आराखडा. गोल कुंड्या रद्द, त्यांच्या जागी दुसऱ्या रेषेवर बांबूसाठी चार लांबट ट्रफ, प्रत्येकी एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, खोली २८ सेंटीमीटर. उथळ वाटतात पण बांबूची मुळं बहुतेक वरच्या फूटभर थरातच पसरतात, त्याला खोलीपेक्षा रुंदी हवी. भरल्यावर ओलं वजन एकाचं १३५ किलो. चारही ट्रफ एका रांगेत आणि एकमेकांना नटबोल्टने जोडलेले, खालून दोन इंचाचे पाय, म्हणजे निचऱ्याची भोकं दाबली जात नाहीत आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंगही दिसत राहतं.

दादाचं गणित पुन्हा : रेटा लागणार एका ट्रफमधल्या दोन झाडांना मिळून १.६ चौरस मीटरवर, पण बांबूतून बराच वारा आरपार जातो म्हणून त्यातला ६० टक्केच धरला, उंची कमी झाली म्हणून तो लागणार १.१ मीटरवर. ताशी ५४ किमीला येतात १५. उलट बाजूला १३५ गुणिले ०.२५, साधारण ३४. ताशी ८० किमीला मात्र उलटवणारा जोर ३२ पर्यंत जातो, म्हणजे काठावर पास, म्हणून मागून आडवा लोखंडी पाईप आणि तो दोन्ही टोकांना भिंतीत फिक्स. वजनावर एकट्यावर भरवसा ठेवायचा नाही.

आरपार जाण्याबद्दल थोडं. मला आडोसा म्हणजे भिंतीसारखा दाटच हवा होता. पण भरीव अडथळ्यामागे वारा भोवरे करतो हे ओढणीच्या पट्टीने नोव्हेंबरातच दाखवलं होतं, मीच त्याचा अर्थ लावला नाही. शेतात वाऱ्याला अडवायला झाडांची रांग लावतात तीसुद्धा निम्मी भरीव, निम्मी मोकळी असली की सगळ्यात चांगली चालते, वारा थांबत नाही, गाळला जातो. मोरपंखी म्हणूनच रेलली, ती झाड कमी आणि उशी जास्त.

१० मार्च

ट्रफ भरले आणि भरताना एक चूक होता होता राहिली, खरं तर अर्धी झालीच. वजन खाली हवं म्हणून पहिल्या ट्रफच्या तळात विटांचे तुकडे आणि खडी टाकली, चांगला चार इंच थर. शिवाय लहानपणापासून ऐकलेलं, खाली खडी टाकली की निचरा चांगला होतो. होत नाही. पाणी बारीक मिश्रणातून जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, मिश्रण पूर्ण भिजून ठिबकायला लागेपर्यंत ते वरच धरून ठेवतं, त्यामुळे तळाशी जो पाण्याने डबडबलेला पट्टा राहतो तो तसाच राहतो, फक्त खडीच्या उंचीएवढा वर सरकतो. २८ सेंटीमीटरच्या ट्रफमध्ये १० सेंटीमीटर खडी म्हणजे मुळांना उरलं किती?

सगळं उपसलं. भोकांवर फक्त जाळीचा तुकडा, मग थेट मिश्रण. विटा ट्रफच्या बाहेर, पायांच्या मधल्या पट्टीवर रचल्या, वजन तेवढंच खाली आलं आणि मुळांच्या जागेत काही घुसलं नाही.

बांबू आता आठ, प्रत्येक ट्रफमध्ये दोन. पाच नवीन आणली तीही तीन-साडेतीन फुटीच, यावेळी काकांनी काही न बोलता दिली, चेहऱ्यावर मात्र सगळं होतं. पाम खाली जिन्यापाशी सावलीत गेले, तिथे सुखात आहेत.

वाऱ्याच्या कोपऱ्यात, जिथे पट्टी उडाली होती, तिथे एकटी कण्हेर, बुटक्या रुंद कुंडीत, कठड्याच्या उंचीच्या वर जाऊ द्यायची नाही. कण्हेरीचं पान उलटं करून भिंगातून बघा, खालच्या बाजूला बारीक खळगे दिसतात आणि त्या खळग्यांत केसांच्या आत तिची रंध्रं, म्हणजे पाणी जिथून उडतं ती बारीक छिद्रं, लपलेली असतात. वारा तिथपर्यंत पोचतच नाही. फक्त झाड सगळं विषारी आहे, पान फूल खोड चीक सगळंच, त्यामुळे भाच्याला ती सीमारेषा दाखवून ठेवलीय, छाटणी मी हातमोजे घालूनच करणार आणि छाटलेलं जाळायचं नाही.

१६ मार्च

वाऱ्याकडच्या बाजूला ५० टक्केवाली शेडनेट लावली, रोपं रुजेपर्यंत. पहिल्याच रात्री कोपऱ्यातली दोन रिंगणं फाटली. आता कडेला दुहेरी घडी घालून त्यात काठी ओवलीय.

६ एप्रिल

ऊन आणि वारा दोन्ही एकदम सुरू झालं. दुपारी दोनला गेले तर बांबूची पानं सुईसारखी गुंडाळलेली, अख्खं बेट एकदम विरळ आणि राखाडी दिसत होतं. बांबू हे गवतच, पाणी कमी पडलं की पान लांबीत वळकटी करतं आणि उघडा भाग कमी करतं. संध्याकाळी पाणी दिल्यावर तासाभरात उलगडली. हे एक बरं आहे, पामसारखं मुकाट्याने करपत नाही, आधी सांगतं.

तिसऱ्या ट्रफची मात्र उलगडली नाहीत. पाणी घालतेय, खालून लगेच बाहेर येतंय, म्हटलं भरपूर झालं. बोट घातलं तर दोन इंचाखाली भुसा, कोरडाठाक. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी झटकायला लागतं, पाणी कडेकडेने वाट काढून खाली पळतं आणि आपण खुश. दीड तास घालवला त्यावर. काठीने सात-आठ ठिकाणी भोकं पाडली, झारीने थोडं थोडं पाणी, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा थोडं, पुन्हा थांबायचं. चौथ्या फेरीला खालून येणारं पाणी चहाच्या रंगाचं झालं आणि पाण्याची धार मंदावली तेव्हा कळलं की आता पिऊ लागलंय.

१३ एप्रिल

ड्रिप लावलं. ताशी चार लिटरचे ड्रिपर, प्रत्येक ट्रफला चार, सकाळी २० मिनिटं आणि संध्याकाळी १५. टायमर साधाच. वरून गळलेली बांबूची पानं झाडून काढत होते ते बंद केलं, तीच आच्छादन म्हणून राहू दिली. बांबूच्या पानात सिलिका भरपूर असते आणि ती कुजून पुन्हा त्यालाच मिळते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर जाळी पसरली.

२ मे

काठ्यांची आवळलेली सुतळी सोडली. आधी प्रत्येक रोप तीन जागी गच्च बांधलं होतं, हलायलाच नको म्हणून. पण झाड हललं तरच खोड आणि मुळं दणकट होतात. १९७३ मध्ये जॅफ नावाच्या शास्त्रज्ञाने झाडाच्या या सवयीला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं जिभेला गाठ पाडणारं नाव दिलं, साध्या भाषेत सांगायचं तर रोज धक्के खाणारं झाड उंच होण्यापेक्षा जाड होण्यावर खर्च करतं. आता आठाच्या आकारात सैल गाठ, एकच, खालच्या तिसऱ्या भागात. मुळांचा गोळा उखडू नये एवढंच काम तिचं, वरचं डोलू दे.

१९ मे

कोंब! पहिल्या ट्रफमध्ये तीन, चौथ्यात दोन. जांभळट हिरवे, टोकदार, अंगावर कागदासारखी साल. भाच्याने पट्टी लावून ठेवलीय शेजारी.

३१ मे

भाच्याच्या वहीतून : सोमवारी ११ सेंटीमीटर, गुरुवारी २१, रविवारी ३४. त्याला वाटतंय पट्टीच खाली जातेय.

२२ जून

परीक्षा झाली. सलग दोन दिवस वारा, सोबत पाऊस, खालचं मीटर-झाड मुळापासून डोलत होतं म्हणजे वर ६० च्या पुढे असणार. आदल्या रात्री ट्रफ भिजवायची गरजच पडली नाही. मी दाराच्या काचेतून बघत होते. बांबू इतके वाकत होते की टोकं जवळपास ट्रफच्या कडेला लागत होती, पानं सगळी एका दिशेला चापून बसलेली, चांदीसारखी उलटी बाजू वर, आणि झोत ओसरला की हळूच उभे. एकही ट्रफ हलला नाही. पाईपचा एक क्लँप ढिला झाला, तो वॉशर न घातल्यामुळे, चूक माझी.

नुकसान झालं ते भलत्याच ठिकाणी. दोन नवीन कोंब आडव्या पाईपवर घासून घासून सोलले गेले आणि मोडले. कोवळा कोंब म्हणजे नुसतं पाणी. पाईपला जुनी सायकलची ट्यूब गुंडाळली.

शेडनेट गेली. कुठे गेली माहीत नाही.

१८ ऑगस्ट

पानं फिकट पिवळी पडतायत, आधी जुनी मग वरची. एवढ्या पावसात ट्रफमधला नायट्रोजन धुऊन गेला असणार. गवताला पहिली भूक नायट्रोजनची. शेणखताचा दोन बोटं थर आणि दर पंधरा दिवसांनी पातळ केलेलं द्रवखत सुरू केलं. ड्रिप बंदच आहे. एका ट्रफचं भोक मुळांनी बुजलं होतं, तारेने मोकळं केलं तेव्हा आतून पाण्याचा वास आला तो काही चांगला नव्हता, वेळेवर सापडलं म्हणायचं.

१४ सप्टेंबर

नवीन काड्या सात फुटांवर गेल्या. बांबूचं एक बरं असतं, काडी एकाच हंगामात जेवढी व्हायची तेवढी उंच होते, नंतर ना ती वाढते ना जाड होते. त्यामुळे हव्या त्या उंचीवर पेराच्या जरा वर कापली की ती काडी कायमची तेवढीच, आणि खालच्या पेरांवर फांद्या दाट होतात. सगळ्या सहा फुटांवर आणल्या, कुंडीसकट. मला उगाच जीव खाली-वर होत होता कापताना, वर्षभर ज्या उंचीसाठी तडफडले तीच कात्रीने कापतेय.

बुडातल्या जुन्या, मरतुकड्या काड्या एक तृतीयांश काढून टाकल्या, जमिनीलगत. आता बेटातून पलीकडचं कापड वाळताना दिसतं, पण कापडाचा रंग ओळखता येत नाही. एवढं विरळ बरोबर आहे.

मोरपंखी वाचली नाही. एका बाजूने आतपर्यंत तपकिरी झाली होती आणि तिचं जुनं लाकूड पुन्हा फुटत नाही. काढली.

६ ऑक्टोबर

बाबा आज पेपर घेऊन बसले, मी न सांगता. तासभर बसले. मी मुद्दाम समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यात जाऊन तिथून बघून आले. तिसऱ्या मजल्यावरून फक्त हिरवं. चौथ्यावरून पण हिरवं. चौथ्या आणि पाचव्याच्या मधल्या वळणावरून मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या ट्रफच्या सांध्यातून बाबांचा एक पाय आणि पेपरचा कोपरा दिसतो. तिथे दोन बेटांमध्ये वीतभर फट राहिलीय. पुढच्या हंगामात कोंब येतील ते त्या बाजूला वळवायचे, तोवर बाबांची खुर्ची फूटभर डावीकडे सरकवलीय. त्यांनी ती परत उजवीकडे घेतली, तिथे ऊन चांगलं येतं म्हणे.